माझ्या टाक्यांचं गाठोडं

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कस्टमच्या ऑफिसच्या खिडकीतून. लोक समुद्र बघायला जातात, पाय भिजवतात, शिंपले वेचून आणतात. मी गेले ती धाकट्या भावाला घरी आणायला. आणलाही. पण त्या दिवसापासून माझी लेक माझ्या दारात आलेली नाही. ते कसं झालं तेवढंच सांगायला बसले आहे. मध्ये मध्ये मी भरकटेन, मला ती खोडच आहे, पण परत रस्त्यावर येते.

आमचं गाव नवापूरच्या डोंगरपट्ट्यात, गुजरातच्या हद्दीला चिकटून. भात, नागली, थोडी तूर. भाताची लावणी आटोपली की गावातले कर्ते पुरुष बाहेर पडतात. कोणी सुरतेकडे बांधकामावर, कोणी ऊसतोडीला, आणि आमच्या फळीतले, म्हणजे आमच्या पाड्यातले, बरेचसे बोटीवर. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. नदीच्या डोहात पोहायला शिकलेली डोंगरातली माणसं, आणि कामाला जातात पार सौराष्ट्राच्या बंदरावर! पण जातात. जाळं ओढायचं, मासळी निवडायची, बर्फात भरायची. एकदा बोट सुटली की पंधरा-वीस दिवस जमीन दिसत नाही. माझा भाऊ वीस वर्षं जातोय. आता पन्नाशी ओलांडली त्याने, बोटीवर स्वयंपाक त्याच्याकडे असतो, भंडारी म्हणतात त्याला. माझा जावईही जातो, पण दुसऱ्या बोटीवर.

भावाचं आणि माझं नातं नुसतं बहीण-भावाचं नाही. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी ढोरं राखली. तो मला बाई म्हणतो, पण हाक मारतो ती आईला मारावी तशी.

आता गाठोड्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

आमचा माणूस कामाला निघतो तेव्हा त्याच्याकडे सुटकेस नसते. जुन्या लुगड्याचा चौकोन फाडायचा, त्यात कपडे, नागलीचं पीठ, मिरची ठेवायची आणि वर गाठ मारायची. जीपच्या टपावर, रेल्वेच्या डब्यात अशी वीस-वीस गाठोडी एकावर एक पडलेली असतात. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणी कोपऱ्याला काळा दोरा बांधतं, कोणी बटण लावतं. माझी खूण टाक्यांची आहे. लाल दोऱ्याचे तीन टाके, कोंबडीच्या पावलासारखे. आई तसेच घालायची. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी दोन लुगडी फाडली होती, एकाच दुपारी. हिरव्यातला चौकोन भावाला दिला, पिवळ्या काठाच्या तपकिरीतला जावयाला. दोन्हीवर माझे तीन तीन टाके.

आणि या गाठोड्यांचा आमच्याकडे एक नेम आहे. जो माणूस आधी घरी परततो तो मागे राहिलेल्यांची गाठोडी घेऊन येतो. ज्याचं त्याच्या दारात ठेवतो. वाटेत सोडून बघत नाही. आत काय आहे विचारत नाही. कोणी कोणाला काय पाठवलं हे तिसऱ्याला सांगत नाही. दुसऱ्याचं गाठोडं सोडणं म्हणजे त्याच्या माघारी त्याच्या घरात शिरणं. भाऊ लहान असताना एकदा शेजाऱ्यांच्या गाठोड्यातून त्याने गुळाचा खडा काढला होता. मी त्याला सगळ्या फळीसमोर उभं केलं आणि अर्धा चघळलेला तो खडा परत द्यायला लावला. रडून रडून त्याला उचकी लागली होती. त्यानंतर त्याने कधी कोणाच्या गाठीला हात लावला नाही.

तर त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, कस्टमवाले आमच्या गावात आले. समुद्राचे कस्टमवाले! चिखल तुडवत शाळेपर्यंत आले, बुटांना किलो किलो माती. आधी वाटलं वाट चुकले. त्यांच्यातला एक साहेब मराठी बोलणारा होता, पस्तिशीचा असेल. आमच्या भागातले लोक त्या बंदरावर कामाला येतात, म्हणून त्यालाच पाठवलं होतं. बायका डोक्यावर इरलं घेऊन शेतातून तशाच आल्या. पुरुष शाळेच्या ओट्यावर बसले.

साहेब म्हणाला, "आधी आम्ही फक्त धक्क्यावर तपासायचो. आता आमच्या गस्तीच्या बोटी खोल समुद्रात जातात, बारक्या बारक्या खाड्यांतही फिरतात. परदेशातून मोठं जहाज येतं, लांब उभं राहतं आणि चोरटा माल मासेमारीच्या बोटीवर उतरवतं. तो माल मासळीखाली दडवून किनाऱ्याला येतो. मालवाला राहतो घरी, धरला जातो खलाशी. म्हणून तुम्हाला सांगायला आलोय. समुद्रात कोणाकडूनही बंद सामान घेऊ नका."

आमच्यातला एक म्हातारा उठला. "साहेब, आमच्या हद्दीवर नाका आहे. गुजरातेत दारू जाऊ नये म्हणून आमच्या पिशव्या रोज उलट्या करतात. बाजारातली वांगीसुद्धा दाबून बघतात. आता समुद्रातपण नाका?"

"हो, तसंच समजा."

"मग पाण्यात तो आडवा बांबू टेकवणार कशावर?"

सगळी शाळा हसली. साहेबही हसला.

मग त्याने कागद वाटले. मला वाचता येतं. शाळेत नाही शिकले. आमच्या प्रार्थनेच्या घरात गाण्यांचं पुस्तक असतं, लोक गायचे तेव्हा मी त्यावर बोट फिरवायचे, असं करत करत अक्षरं ओळखीची झाली. बायका म्हणाल्या, बाई, तूच वाच. मी उभी राहून मोठ्याने वाचलं आणि आमच्या बोलीत समजावलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कुलूप कुठे आहे?

मी म्हटलं, "साहेब, आम्ही काय रस्त्यावरच्या माणसाचं सामान घेतो? आमच्याच माणसाचं गाठोडं आणतो."

"मावशी, आपल्या माणसाचंही उघडून बघायचं."

"तुमच्या आईने डबा दिला तर तुम्ही वाटेत उघडून बघता? आईने विष घातलंय का म्हणून?"

हशा पिकला. साहेब कान खाजवत म्हणाला, "आईचा नाही बघत. पण समुद्रात आई भेटत नाही, मावशी."

"पण आमची माणसं भेटतात ना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ खांबाला टेकून उभा होता, तोही खळखळून हसला. माझ्या बहिणीने साहेबाला कसं गप्प केलं, म्हणून चार दिवस गावभर सांगत फिरला. तो खांब अजून तिथेच आहे. मी आता शाळेवरून जाताना पलीकडच्या बाजूने जाते.

बोटी सुटल्या. भावाचा बंदरावरून फोन आला की समुद्राच्या गोष्टी असायच्या. एक राखाडी बोट येते, भोंग्यावरून ओरडते, इंजिन बंद करा. मग चार-पाच जण चढतात, बर्फाच्या पेट्या उचकतात, मासळीत हात घालतात. एकदा जाळं पाण्यात असताना थांबवलं, तर जाळं पंख्यात गुंतून फाटलं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, दिवसभर शिव्या देत होता.

"त्रास आहे, बाई," भाऊ म्हणाला. "पण एका परीने बरंही झालंय. आधी काही तांडेल सांगायचे, हे घे, ते दडव, तर निमूट ऐकावं लागायचं. आता आम्ही म्हणू शकतो, नको दादा, कस्टम येईल."

मला आपलं बरं वाटलं. एवढंच.

दिवाळी होऊन गेली होती. मी अंगणात तूर वाळत घातली होती. भावजय चपला न घालता पळत आली, हातात फोन. भावाच्या बोटीवरच्या एका खलाशाने केला होता. बोट खाडीच्या तोंडाशी अडवली, भावाच्या हातात एक गाठोडं मिळालं, त्यात परदेशी सिगारेटी. बोटीला सील ठोकलं. भावाला अजून कोंडलेलं नाही, पण रोज कस्टमच्या ऑफिसात बसवून ठेवतात, बंदर सोडायला मनाई आहे.

"सिगारेटी?" भावजय मलाच विचारत होती. "बिडी ओढली तरी त्यांना खोकला येतो."

तिचे मुलगे कामावर लांब होते. आम्ही दोघीच निघालो. नवापूर स्टेशनावर गाडीत चढलो, सोबत भाकरी आणि चटणी. शेजारी तापीकाठची एक बाई बसली होती, तिची अहिराणी मला कळते.

"कोठे जाई ऱ्हायनी, माय?" तिने विचारलं.

"समुद्रावर."

"देवदर्शनले?"

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हां, देवदर्शनाला. तिने लगेच आम्हाला नारळासाठी पिशवी कुठली घ्यायची ते सांगितलं. मी मान हलवत राहिले. पुढे सुरतेला उतरलो, मग बस, मग आणखी एक बस. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर पोचलो. वासाने भावजयीला ओकारी झाली. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. भाऊ घरी आला की आठ दिवस त्याच्या अंगाला तोच वास असायचा.

ऑफिसात एक म्हातारा गुजराती हवालदार होता. "बेसो, बा, पाणी पीओ," म्हणाला आणि माठातलं पाणी दिलं. माणूस चांगला. आत गेलो तर टेबलामागे तोच साहेब, आमच्या शाळेत आलेला. त्याने मला ओळखलं. मला वाटलं आता टोमणा मारेल. मारला नाही. नुसता उठून उभा राहिला आणि खुर्ची पुढे केली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी दिलं असतं.

भाऊ भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली. पायाशी त्याचं गाठोडं. खिडकीतून पाणी दिसत होतं, राखाडी, त्याला दुसरा काठच नव्हता.

साहेबाने टेबलावरच्या कापडाकडे बोट दाखवलं. "यात माल होता. हे माझंच गाठोडं आहे असं हे सांगतात. कोणी दिलं विचारलं तर आठवत नाही म्हणतात. कोणाकडे द्यायचं होतं, तेही आठवत नाही. मावशी, मला यांच्या तोंडाकडे बघून खरं वाटत नाही. पण खूण बघा, या कापडावर आणि त्यांच्या पायाशी आहे त्या गाठोड्यावर, एकच. मग मी काय समजू? जबाबात हेच राहिलं तर उद्या यांना कोर्टात उभं करावं लागेल, आणि तिथून ते तुरुंगात जातील. तुम्ही त्यांना समजवा."

मी कापड पाहिलं. तपकिरी. पिवळा काठ. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके, त्यातला मधला जरा वाकडा, कारण त्या दुपारी माझा चष्मा सापडत नव्हता.

भावाच्या पायाशी होतं ते हिरवं.

भावजयीनेही पाहिलं. लुगडी फाडताना कापड ताणून धरायला तीच तर बसली होती माझ्यासोबत! तिने एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. आणि खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी साहेबाला म्हटलं, मला भावाशी बोलायचंय, आमच्या बोलीत. त्याने हवालदाराला सोबत दिलं आणि तासाभरात या म्हणाला.

धक्क्यावर जाळ्यांचे ढीग पडले होते, त्याच्या सावलीला आम्ही बसलो. हवालदार जरा लांब पाठ करून उभा राहिला. मी भाकरी सोडली. भावाने खाल्ली, भूक होती त्याला.

"जावयाने दिलं ना?" मी विचारलं.

"तू कापड पाहिलंस, मग कशाला विचारतेस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आमची बोट परतत होती, त्याची आणखी आठ दिवस थांबणार होती. दोन्ही बोटी जवळ आल्या. त्याने गाठोडं टाकलं. म्हणाला, मामा, खाडीत शिरताना एक माणूस होडी घेऊन येईल, त्याला द्या. बस."

"हाताला काय लागलं नाही? पीठ आहे का कपडे आहेत, कळत नाही होय तुला?"

"लागलं. हलकं होतं आणि कोपरे टोचत होते."

"मग?"

"मग काय, बाई? गाठ आपली होती. तूच शिकवलंस."

हे तो मला दोष देत बोलला नाही. मीठ कमी आहे असं सांगावं तसं बोलला. म्हणूनच ते इतकं लागलं.

"आणि आता स्वतःचं म्हणून सांगतोयस, ते कोणी शिकवलं?"

"माझी पोरं कमावती झाली. तुझ्या लेकीची दोन अजून लहान आहेत. मी आत गेलो तर माझं घर उभं राहील. तो गेला तर लेकरांना घेऊन ती तुझ्या दारात येऊन बसेल." मग हसण्याचा प्रयत्न केला त्याने. "आतपण मला भंडारीच करतील बघ. वीस वर्षांचा अनुभव आहे."

भावजय म्हणाली, "हसा. पोराच्या लग्नातपण तिथूनच हसा." मग माझ्याकडे वळली. "मी आत काही बोलणार नाही, बाई. तोंड उघडलं तर म्हणाल, भावजयीने लेकीचा संसार मोडला. खूण तुमची आहे. वाचायचं तर तुम्ही वाचा."

बत्तीस वर्षं ती माझी भावजय आहे. तिच्यावर मला राग यायला हवा होता, पण ती बरोबर बोलत होती.

मी लेकीला फोन लावला. जरा लांब जाऊन उभी राहिले, वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं. तिने पहिलं विचारलं, "आई, काय पाहिलंस?"

त्यावरूनच मला कळलं की तिला माहीत आहे.

"कापड पाहिलं," मी म्हटलं.



"त्यांच्या तांडेलाने दिलं होतं, आई. नाही म्हटलं तर बोटीवरून उतरवतो म्हणाला. ते तरी काय करतील?"

"मग हेच साहेबाला सांगायला हवं. तांडेलाचं नाव सांगायला हवं."

"सांगून सुटतात का गरीब माणसं? तू कधी पाहिलंस?" तिचा आवाज फाटला. "मामा म्हणतात ना स्वतःचं, तर राहू दे ना तसं. त्यांनी स्वतःहून म्हटलंय. कोणी जबरदस्ती केली का? आई, तुला डोळ्यांनी कमी दिसतं. म्हण, नीट दिसलं नाही. एवढंच म्हण."

मी म्हटलं, "लेकरं जेवली का?"

"आई, मी काय बोलते आणि तू काय विचारतेस!"

फोन मी ठेवला की तिने, आता सांगता येत नाही.

तिथे उभी राहून मी काय विचार केला, हे मला लोक विचारतात. खरं सांगू, मोठं काही नाही. तो गुळाचा खडा डोळ्यांसमोर येत होता. इतकुसं पोर, हातात चिकट खडा, उचकी देत शेजाऱ्यांच्या दारात उभं. त्या दिवशी मी त्याला शिकवलं ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं. आपल्याच माणसाची गाठ टोचायला लागली तर काय करायचं, ते मी कधी सांगितलंच नाही, मलाच माहीत नव्हतं. चिखलातून चालत ते सांगायला एक माणूस आमच्या गावात आला होता, तर मी त्याला हसण्यावारी नेलं. आणि माझ्या त्या अर्ध्या शिकवणुकीसाठी आता हा तुरुंगात भात शिजवणार. दुसऱ्या बाजूला माझी लेक. तिच्यासाठी मी काहीही केलं असतं. पण मी करत नव्हतेच ना, भाऊ करत होता. माझ्या लेकीसाठी मी त्याला खर्ची घालत होते.

आम्ही आत गेलो. मी खुर्चीवर बसले नाही.

"साहेब, हे कापड माझ्या लुगड्याचं आहे. मी फाडलं, टाके मी घातले. पण हे याला नाही दिलं. याला हिरवं दिलं, ते त्याच्या पायाशी आहे. हे माझ्या जावयाला दिलं होतं."

भाऊ उठून उभाच राहिला. "साहेब, बाईचं ऐकू नका! म्हातारी झाली ती, डोळ्यांनी दिसत नाही तिला!"

"दिसत नाही तर गावात तुमचा कागद कोणी वाचला होता, साहेब?"

साहेब हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच, मावशी."

भाऊ परत भिंतीला टेकून बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग म्हणाला, "विचारा काय विचारायचंय ते." आणि सगळं सांगितलं. कोणत्या बोटीवरून, कुठे, होडीवाला माणूस कोणत्या बाजूने येणार होता, सगळं. साहेब लिहीत होता. मधेच मी विचारलं, "जावयाला ते तांडेलाने दिलं होतं. त्याच्या मागचे लोक धराल ना? का आमच्यातल्या एकाला सोडून आमच्यातलाच दुसरा घेतला, असंच होणार?"

त्याने पेन खाली ठेवलं. "बा, मोठी मासळी जाळ्यात..." म्हणून हवालदार काहीतरी बोलायला गेला, साहेबाने त्याला हाताने थांबवलं. "प्रयत्न करू, मावशी," एवढंच म्हणाला. धरूच असं म्हणाला नाही. खोटा धीर दिला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

"सही की अंगठा?" हवालदाराने मला विचारलं.

"सही," मी म्हटलं. एकेक अक्षर लावून पूर्ण नाव लिहिलं.

जावयाची बोट धक्क्याला लागली त्याच दिवशी त्याला उतरवून घेतलं. त्यानेही जबाबात तांडेलाचं नाव सांगितलं. तांडेल सापडला, असं ऐकते. त्याच्या वरचा, जहाजातून माल पाठवणारा, तो सापडला की नाही हे आमच्यापर्यंत कोण कळवणार? राखाडी बोटी अजून फिरतात, आता आणखी आत जातात म्हणे. जावई जामिनावर सुटला, पण केस चालू आहे. तारीख पडली की त्याला तिकडे जावं लागतं. बोटीवर आता कोणी घेत नाही. लोणखेड्याकडे ऊसतोडीला जातो, लेकही जाते त्याच्यासोबत. लेकरं सासूकडे असतात. म्हणजे भाऊ म्हणाला होता तसंच झालं जवळजवळ, फक्त ती माझ्या दारात आली नाही.

भाऊ घरी आला. मला वाटलं होतं, सुटल्याचा आनंद होईल. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस विळा मागायला आला, तेव्हापासून बोलतो, पण कामापुरतं. या वर्षी पुन्हा बोटीवर गेला. निघताना फळीतल्या कोणीही त्याच्याकडे गाठोडं दिलं नाही. जीपच्या टपावर सगळ्यांची गाठोडी एका बाजूला, त्याचं एकट्याचं हिरवं दुसऱ्या बाजूला. म्हातारे म्हणतात, या घराने आपल्या घरची गाठ साहेबाच्या टेबलावर सोडली. तरण्या बायका हळूच येऊन मला सांगतात, बाई, बरं केलंस, आता आम्हीपण नवऱ्याला सांगतो, उघडून बघूनच घे. पण हळूच सांगतात, सगळ्यांसमोर नाही.

परवा भावजय आली. तिच्या हातात तुरीच्या शेंगा होत्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. लुगडं माझ्या ओळखीचं, लेकीच्या लग्नातलं.

"तिने दिल्या," भावजय म्हणाली. "रस्त्यात भेटली होती. ऊसतोडीवरून आलेत दोन दिवस."

मी हात पुढे केला. कापडाची चारही टोकं नुसती वर धरलेली होती. गाठ नव्हती.

"गाठ सुटली वाटतं वाटेत," मी म्हटलं.

भावजय माझ्याकडे बघत नव्हती. "मारलीच नव्हती. म्हणाली, आईला सांग, गाठ मारलेली नाही. बघून घे, मोजून घे, मग घरात ने."

शेंगा मी सुपात ओतल्या. कापड झटकलं, घडी घातली. कोपरा चाचपून पाहिला. तिथे माझे तीन टाके असायचे, लग्नात मीच घातले होते. ते उसवलेले होते. दोरा ओढून काढल्याची भोकं तेवढी राहिली होती, तीन जोड्या.

"ती अजून आहे का गावात?" मी विचारलं.

"उद्या सकाळच्या जीपने जाणार."

मी सुई आणि लाल दोरा शोधला. चष्मा घातला. त्याच भोकांतून परत टाके घातले, मधलासुद्धा सरळ. कापडात नागलीचं पीठ बांधलं, मुठीने दाबून, म्हणजे कोणाच्याही हाताला कळेल आत काय आहे ते. आणि गाठ मारली.

"हे तिला नेऊन दे," मी भावजयीला म्हटलं.

तिने गाठोडं हातात तोललं. मग माझ्यासमोरच गाठ सोडली, आत पाहिलं, पुन्हा बांधली आणि घेऊन गेली.